कॅनव्हास बुटाचा ठसा

अंबत्तूरच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या यंत्रांच्या शेडमध्ये, कोपऱ्यातल्या खांबाजवळ जमिनीवर उजव्या बुटाचा एक ठसा आहे. निदान मी निवृत्त झालो तेव्हा होता. त्याच्याभोवती पिवळी चौकट आखलेली आहे, आणि दर वर्षी जमीन नव्याने रंगवताना तेवढी चौकट सोडून रंगवतात. पाहुणे आले की त्यांना तिथे उभं करून सांगतात: आमच्या मेंटेनन्स मॅनेजरने एक जानेवारीलासुद्धा सुट्टी घेतली नाही, रंग नीट वाळतोय की नाही हे बघायला ते स्वतः आले होते, ही त्यांच्या पावलाची खूण. पाहुणे माना डोलावतात. एका जपानी पाहुण्याने तर ठशासमोर कमरेत वाकून नमस्कार केला होता. मी शेजारीच उभा होतो. मीही वाकलो.

बूट माझा, एवढंच त्यातलं खरं. बाकीचं खोटं आहे, आणि ते खोटं मी सदतीस वर्षं अंगावर शालीसारखं मिरवलं. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी लिहायला बसलो आहे, ते काही सद्‌बुद्धी सुचली म्हणून नव्हे. बायकोने बसवलं आहे.

आधी माझी पद्धत सांगतो. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा या शहराला मद्रास म्हणत. इथे राहणाऱ्या मराठी माणसाला वर्षाला तीन नवी वर्षं मिळतात: एक जानेवारी, आपला पाडवा, आणि एप्रिलमधलं तमिळ नववर्ष. घरच्यांबरोबर एक दिवस घालवावा असं खरंच वाटत असेल तर तीन संधी. मी तिन्ही चुकवायचो, आणि त्याला डोकं लागतं. एक जानेवारीला म्हणायचो, हे इंग्रजांचं, आपलं वर्ष पाडव्याला. पाडव्याला म्हणायचो, इथे कारखाना चालू आहे, काय करू? बायको एकटी बाल्कनीत गुढी उभारायची आणि मी स्कूटरवरून जाताना खालून हात करायचो, छान दिसतेय म्हणून. तमिळ नववर्षाला मात्र कारखाना बंद. तेव्हा म्हणायचो, हा आपला सण कुठे? आणि फोरमनच्या घरी कैरीची पचडी खायला एकटा जायचो. संबंध ठेवावे लागतात.

या तिन्हींत एक जानेवारीचं काम सर्वांत सोपं होतं, कारण तेव्हा शटडाउन असायचा. नाताळपासून नव्या वर्षापर्यंत कारखाना बंद ठेवतात. बाकीचे गावी जातात आणि मेंटेनन्सवाले कामाला लागतात. प्रेस उघडायच्या, सील बदलायचे, तेल बदलायचं, कॉम्प्रेसर साफ करायचा. पहिले पाच-सहा दिवस खरंच कंबर मोडते, ते श्रेय मला द्या. पण सगळ्यात शेवटी, एकतीस तारखेला, जमिनीला रंग मारतात, आणि रंग मारल्यावर चोवीस तास आत कुणी पाऊल ठेवायचं नाही. म्हणजे एक तारखेला मेंटेनन्सवाल्याला कारखान्यात काडीचं काम नसतं. ही गोष्ट मेंटेनन्सवाल्यांशिवाय कुणाला ठाऊक नसते. त्यांच्या बायकांना तर मुळीच नसते.

मग आम्ही काय करायचो? माल चढवायच्या अंगणात क्रिकेट खेळायचो. मेंटेनन्स विरुद्ध इलेक्ट्रिकल, टेनिस बॉल, दुपारी एक वाजता बिर्याणी. मी विकेटकीपर होतो. आमच्याकडे मोजून अकरा माणसं होती, त्यामुळे मी गेलो नाही तर अडायचं. कारखान्यात माझ्यावाचून अडतं असं मी घरी सांगायचो, त्यात इतपत तथ्य होतं.

आता त्या वर्षाचं.

आम्ही तेव्हा अंबत्तूरला वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली घरमालकीणबाई. त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, पिढ्यान्‌पिढ्या इकडच्याच. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची. त्यांचं मराठी जुन्या कागदपत्रांतल्यासारखं आणि चाल तमिळ. वाक्य संपताना आवाज वर जायचा, त्यामुळे साधं बोलल्या तरी जाब विचारल्यासारखं वाटायचं. माझी बायको गच्चीवर कपडे वाळत घालताना गुणगुणत होती ते मामींनी ऐकलं. "पोरी, तुला गळा आहे," त्या म्हणाल्या. "वायां घालवूं नकोस." त्या दिवसापासून सहा महिने, मुलगा दुपारी झोपला की, ती खाली जाऊन मामींकडे अभंग शिकली. इकडच्या पद्धतीचे, झांजेच्या ठेक्यावर.

डिसेंबर-जानेवारीत इथे मार्गळी महिना असतो. गल्लीगल्लीत देवळांतून गाणं चालू. मामींच्या भजनमंडळाचा कार्यक्रम देवळाच्या मंडपात एक जानेवारीला सकाळी ठरला होता, आणि त्यात माझ्या बायकोचे तीन अभंग होते. तिचे एकटीचे. अडचण एकच होती. मुलगा सव्वा वर्षाचा होता आणि ती गायला लागली की तो तिच्या तोंडात बोटं घालायचा. हा आवाज कुठून येतो ते त्याला काढून बघायचं असे.

तीस तारखेला जेवताना ती म्हणाली, "परवा मला तुमचे दोन तास हवेत. नऊ ते अकरा. फक्त ह्याला धरायचं."

"परवा? अगं, शटडाउन आहे."

"दोनच तास."

"प्रेसला काही झालं तर वर काय सांगू? बायकोचं भजन होतं?"

"प्रेस बंदच आहेत ना पण?"

"म्हणूनच!" मी म्हणालो.

या 'म्हणूनच'चा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही. पण आवाज चढवून म्हटलं की तेवढ्यावर नवऱ्याचं वाक्य पूर्ण होतं. ती ताट उचलून आत गेली.

एक तारखेला सकाळी मी निघालो तेव्हा मामी फाटकाशी रांगोळी पुरी करत होत्या. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. पांढरे कॅनव्हासचे बूट होते.

"आजही काम?"

"फार अर्जंट, मामी."

"बरें," त्या म्हणाल्या, आणि रांगोळीच्या ठिपक्यांकडे वळल्या.

मॅच चांगली झाली. मी शून्यावर बाद झालो, हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे ते विचारलं जाणार आहे. इलेक्ट्रिकलवाल्यांची बॅटिंग चालू असताना बॉल माझ्या हातून सुटला आणि शटरच्या फटीतून घरंगळत प्रेस शॉपमध्ये गेला. दुसरा बॉल नव्हता. फिटर लोक दारातच थांबले.

"सार, वेट पेंट, सार!" फोरमन ओरडला.

"बॉल आणतोय, मशीन नाही हलवत," मी म्हणालो आणि आत शिरलो. साहेबाला कोण अडवणार? चार पावलं गेलो, चार आलो. बाकीचे ठसे फोरमनने ब्रशने मिटवले. खांबाजवळचा एक त्याच्या नजरेतून सुटला.

दुपारी साडेतीनला घरी आलो तेव्हा मामींची कांजीवरम साडी पलंगावर घडी करून ठेवलेली होती. गजरा खिडकीत होता. काय झालं ते बायकोने सांगितलं नाही. मामींनी सांगितलं, पुढे दोन महिन्यांनी, भाडं द्यायला गेलो तेव्हा. ती मुलाला कडेवर घेऊनच मंडपात बसली. अभंग सुरू केला. मुलाने तोंडात बोटं घातली. तिने त्याचा हात धरला, पुन्हा सुरू केलं. त्याने दुसरा हात घातला. लोक हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. ती मधेच थांबली आणि उठून मागे जाऊन बसली. "हंसणारांत मीही होतें," मामी म्हणाल्या. "तें माझें चुकलें. तुझें काय, तें तूं पाहा."

मी पाहिलं नाही. मी भाड्याची पावती पाहिली.

पण त्या दुपारी बायकोने काय केलं तेही लिहिलं पाहिजे. माझ्या बुटाच्या तळाला रंग लागला होता. तिने रॉकेलमध्ये चिंधी बुडवून तो घासून काढला आणि म्हणाली, "सणासुदीलाही किती राबवतात हो तुम्हाला."

मी म्हणालो, "चालायचंच."

पुढे ती मामींकडे शिकायला गेली नाही. मामी दोनदा वर येऊन गेल्या. "ह्यांची कामं असतात, कसं जमणार," असं ती म्हणाली. मी कारण विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं; दुपारी घरी आलो तर चहा लगेच मिळायला लागला.

इकडे कारखाना सुरू झाला आणि जनरल मॅनेजरला तो ठसा दिसला. नव्या रंगावर बुटाचा ठसा! त्याने सगळ्यांना रांगेत उभं केलं. तेवढ्यात फोरमन पुढे झाला आणि शांतपणे म्हणाला, "सार, मॅनेजर सार एक तारखेला आले होते. पेंट वाळतोय का बघायला. न्यू इयरला, सार." जनरल मॅनेजर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने खडू मागवला आणि स्वतःच्या हाताने ठशाभोवती चौकट काढली. त्या वर्षी उत्तम कर्मचाऱ्याची ढाल मला मिळाली. मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो. पण त्यातून "थँक यू, सार" एवढंच बाहेर पडलं.

नंतर कितीतरी ऑडिटर येऊन तो ठसा बघून गेले. चौकट पिवळी हवी की केशरी यावर त्यांनी शेरे लिहिले. कारखान्यात सेफ्टी शू सक्तीचे आणि हा तळ शंकरपाळ्यांच्या नक्षीचा कॅनव्हास बुटाचा आहे, हे एकालाही दिसलं नाही.

कंपनीच्या मासिकात ठशाचा फोटो आला. बायकोने तो कापून मुलाच्या अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवला. मुलगा दहावीपर्यंत त्या बुटाखाली वाढला. तिने स्वतःचं गाणं कशासाठी सोडलं त्याचा तिच्याजवळ तेवढाच पुरावा होता, आणि तो तिने भिंतीवर लावला. हे मला रोज दिसायचं.

मुलगा आता अडतीसचा आहे. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात असतो. खातं मेंटेनन्स, दुसरं कुठलं असणार? आम्ही त्याच्याकडेच राहतो. सूनबाई नाशिकची, कॉम्प्युटरवाली, घरून काम करते. म्हणजे ऑफिसचंही घरून करते आणि घरचंही. नात चार वर्षांची.

यंदा सूनबाईच्या कॉलेजच्या मैत्रिणींनी पाँडिचेरीला जायचं ठरवलं होतं. एक तारखेला पहाटे निघायचं, दोनला रात्री परत. वर्षभर बेत चालू होता. तीस तारखेला सकाळी इडली खाताना मुलगा म्हणाला, "एक तारखेचं माझं नाही जमणार गं. शटडाउन आहे."

"मी तुला सप्टेंबरमध्ये सांगितलंय," सूनबाई म्हणाली.

"माझ्या हातात असतं तर? आई आहे ना, ती बघेल पिल्लूला."

"आईंचे गुडघे बघितलेस? ही दिवसभर पळवते. त्यांच्या गळ्यात टाकून मी नाही जाणार. तू दोन दिवस घरी थांब, एवढंच तर म्हणतेय."

पिल्लूला आजोबा सांभाळतील असं कुणाच्या मनातही आलं नाही. माझं नाव त्या यादीत कधी नव्हतंच.

"बाबांना विचार," मुलगा म्हणाला. "त्यांनी एक जानेवारी कधी घरी काढली होती? घर असंच उभं राहतं."

"कधीच नाही हो," बायको म्हणाली, आणि तिच्या आवाजात अभिमान होता. तो ऐकवेना. सूनबाईने फोन उचलला आणि मैत्रिणींना काहीतरी लिहायला घेतलं.

मी मुलाला विचारलं, "तुमच्याकडे फ्लोअर पेंट कधी आहे?"

"एकतीसला," तो म्हणाला. मग त्याने वर बघितलं. आमची नजरानजर झाली. त्याच्या गाडीच्या डिकीत नवी बॅट आहे हे मला रविवारपासून माहीत होतं. भाजीच्या पिशव्या मीच ठेवल्या होत्या.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी आणखी एक इडली घेतली.

एकतीसला संध्याकाळी पाच वाजता आमच्या अपार्टमेंटच्या हॉलमध्ये असोसिएशनचा कार्यक्रम होता. आधी कोलम, म्हणजे इकडच्या रांगोळीच्या, स्पर्धेचं बक्षीस, मग ज्येष्ठांचं मार्गदर्शन. विषय: काम, मजा आणि कुटुंब यांचा समतोल. पडद्यावर तराजूचं चित्र. तराजूला पारडी दोन आणि तोलायच्या गोष्टी तीन, पण हे विचारणारा मी कोण? मार्गदर्शक म्हणून मला बोलावलं होतं. मला! आणि मुलाने कौतुकाने सेक्रेटरींना एक फोटो देऊन ठेवला होता. तराजू गेला आणि पडद्यावर माझा बूट आला, माणसाएवढा उंच.

इतका मोठा मी तो कधी बघितला नव्हता. शंकरपाळीची एकेक रेघ दिसत होती. मुलगा दाराशी उभा होता. पहिल्या रांगेत बायको बसली होती, इस्त्रीची साडी नेसून. तिच्या शेजारी सूनबाई, मांडीवर नात. प्रवास रद्द झाल्याचं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मी माइक घेतला आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये, मधेमधे इंग्रजी घालून, सगळं सांगितलं. हा सेफ्टी शू नाही, कॅनव्हासचा बूट आहे. मी रंग बघायला नाही, बॉल आणायला गेलो होतो. कारखान्यात काही काम नव्हतं. त्याच सकाळी दोन किलोमीटरवर माझ्या बायकोचं गाणं होतं, आणि मूल धरायला मी नव्हतो. तेव्हापासून ती गायलेली नाही. आणि उद्या एक तारखेला कुठल्याच कारखान्यात मेंटेनन्सवाल्याला काम नसतं, कारण रंग ओला असतो.

हॉल हसला. कडाडून टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी माझा हात हातात घेऊन माइकवर सांगितलं, "वंडरफुल, सार! कामातसुद्धा खेळासाठी वेळ काढला पाहिजे, हा किती मोठा संदेश!" मला शाल घातली. आणखी एक शाल.

त्या गर्दीत हा विनोद नाही हे तिघांनाच कळलं होतं.

आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. दुसऱ्या मजल्यावर बायकोने विचारलं, "किती धावा केल्यात?"

"शून्य."

चौथा मजला आला. दार उघडलं. ती बाहेर पडली आणि वळून म्हणाली, "मी त्या बुटाला रॉकेल लावलं होतं."

एवढंच. बाकी काही बोलली असती तर मी त्याला उत्तर शोधलं असतं. सवय आहे.

आज सकाळी सहाला खाली गाडी आली. सूनबाई तयार होती. मुलाने काल घरात शिरल्या शिरल्या बायकोला, म्हणजे त्याच्या, "तू जा" एवढे दोन शब्द सांगितले होते आणि नंतर मान वर केली नव्हती. पण दारात तिच्या बॅगेशेजारी दुसरी बॅग होती. माझ्या बायकोची, गुडघ्यांना लावायच्या तेलासकट.

"तू कुठे?" मी विचारलं.

"मला शटडाउन आहे," ती म्हणाली. "दोन दिवस."

"आई, चला, पुढची सीट तुम्हाला ठेवलीय," सूनबाई म्हणाली. "पाय लांब करता येतील."

"जेवणाचं?" मी विचारलं. माझ्या तोंडून हेच निघालं, नोंद असावी म्हणून लिहितो.

"दोन इंजिनियर आहात," ती म्हणाली. चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "काल बोललात ते लोक टाळ्या वाजवून विसरले. लिहून ठेवा. मराठीत, म्हणजे मला वाचता येईल. आणि विनोद करू नका."

तर मी लिहितो आहे. मुलाने सकाळी कुणाला तरी फोन करून सांगितलं की आज येत नाही, दुसरा ओपनर बघा. त्याने नातीला दूध दिलं, तिने ते सांडलं, त्याने पुन्हा दिलं. केस विंचरताना दोघं रडकुंडीला आले. मी भात लावला आणि तो खाली लागला. नऊ ते अकरा हे दोन तास किती लांब असतात याचा मला अंदाज नव्हता.

साडेअकराला सूनबाईचा फोन आला. मागे बायकांचा कलकलाट.

"बाबा, आईंनी गाडीत गाणं म्हटलं," ती म्हणाली. "तीन अभंग. तिन्ही पाठ आहेत त्यांना अजून. मधे एका ठिकाणी दम लागला, मग आम्ही गाडी थांबवली."

"रेकॉर्ड केलंस?"

"केलं ना."

"मग पाठव."

मागे कुणीतरी काहीतरी म्हणालं. "आई म्हणतात, आधी त्यांचं लिहून होऊ दे. मग बघू."

लिहून झालं आहे. वाचून बघितलं. विनोद बरेच राहिले आहेत. एकेक काढायला गेलो तर त्याच्याखाली मीच सापडतो, म्हणून हात थांबतो. पण तू सांगितलं होतंस, तेव्हा एक तरी वाक्य त्याशिवाय लिहितो. त्या सकाळी मला कारखान्यात काहीही काम नव्हतं, आणि तुझं गाणं आहे हे मला पक्कं माहीत होतं.